यातले आपल्या गावातून काय दिसेल?

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात मी फळ्यावर येणारी काही वर्षे लिहिली होती: 2027, 2028, 2029, 2030, 2034 आणि सर्वांत शेवटी 2061. प्रत्येक वर्षापुढे आकाशात किंवा प्रयोगशाळेत काय अपेक्षित आहे ते एकेका ओळीत मांडून मी जवळजवळ तासभर बोललो. बाहेर पोषण आहाराच्या खिचडीला फोडणी बसली होती, तिचा वास खिडकीतून आत येत होता आणि तरीही मागच्या बाकांपर्यंत मुले ऐकत होती. घंटा झाल्यावर वर्ग रिकामा झाला. आठवीतली एक मुलगी तेवढी मागे राहिली. तिने वहीच्या शेवटच्या पानावर सगळी वर्षे उतरवून घेतली होती आणि प्रत्येक वर्षापुढे, मी न सांगता, त्या वर्षी तिचे स्वतःचे वय किती असेल ते मांडले होते. हॅलेचा धूमकेतू परत येईल त्या 2061 पुढचा आकडा तिने खोडून पुन्हा लिहिला होता, कारण तो तिच्या आईच्या आजच्या वयापेक्षा मोठा निघत होता आणि तिला ते पटत नव्हते. वजाबाकी बरोबर आहे अशी मी खात्री दिल्यावर तिने विचारले, “सर, यातलं आपल्या गावातून काय काय दिसन?”

लिहून देतो, असे मी तिला सांगितले, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. फळ्यावरच्या नोंदींपैकी बऱ्याचशा घडणार होत्या त्या चिलीच्या डोंगरावर, जपानमधल्या खाणीत, अटलांटिक महासागरावरच्या आकाशात. ती मुलगी विचारत होती ते मात्र आमच्या गावाबद्दल, जिथला पांदण रस्ता आषाढात चिखलाने बंद होतो आणि जिथून तालुक्याला जाणारी एसटी चुकली की त्या दिवसाची शाळा बुडते. काय येणार आणि त्यातले आपल्या वाट्याला काय, हा प्रश्न आमच्याकडे रेल्वेबद्दल, दवाखान्याबद्दल, कॉलेजबद्दल पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. आकाशाबद्दल तो विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आमचे गाव वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात आहे. सरळ पश्चिमेकडे गेले की लोणारचे विवर लागते आणि आग्नेयेकडे पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा, त्यात औंढा नागनाथ. या दोन ठिकाणांकडे मी पुढे वळणार आहे. आकाश मी शिकलो ते मात्र वावरात. हिवाळ्यात हरभरा आणि तूर रानडुकरांपासून, रोह्यांपासून राखायची तर रात्री जागलीला जावे लागते, आणि शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येत असल्यामुळे ओलितासाठीही जावे लागते. वडिलांबरोबर मी जायचो तेव्हा धुऱ्यावर पऱ्हाटीच्या काड्यांची शेकोटी असे, समोरून अंग भाजत असे आणि पाठ गार पडत असे. मधूनमधून डबा वाजवायचा, आरोळी द्यायची, दूरच्या धुऱ्यावरून तशीच आरोळी परत आली की बरे वाटायचे. उरलेल्या वेळात वर पाहण्याखेरीज काही काम नसे. सप्तर्षींना माझी आजी म्हातारीची बाज म्हणत असे: चौकोन म्हणजे बाज आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. पहाटे बाज वर आली की वडील पंपाच्या स्टार्टरकडे जायला उठत. घड्याळ आमच्याकडे होते, पण ते घरी भिंतीवर होते.

त्या मुलीसाठी मी पहिली नोंद 31 डिसेंबर 2028 च्या रात्रीची केली आहे. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि ते आमच्या अंगणातून अथपासून इतिपर्यंत दिसणार आहे. पौषातली कोरडी थंडी असेल, ढगांची भीती जवळजवळ नसेल. रात्री पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या छायेत शिरेल, तासाभराहून अधिक काळ तांबूस राहील आणि छायेतून संपूर्ण सुटेल तेव्हा नुकतेच 2029 साल लागलेले असेल. माझ्या लहानपणी ग्रहण सुटताना गल्लीतून “दे दान सुटे गिराण” अशी हाक येत असे आणि आई सुपात धान्य घेऊन दाराशी उभी राहत असे. त्या हाकेची मला भीती वाटायची आणि तिची वाटही पाहायचो. आता ती हाक क्वचित येते, तो तांबूस चंद्र मात्र येतोच, आणि तो का तांबूस होतो हे मैदानावर उभे राहून सांगता यावे एवढीच माझी इच्छा आहे: पृथ्वीवर त्या घटकेला जिथे जिथे सूर्य उगवतो किंवा मावळतो आहे तिथला तांबडा प्रकाश वातावरणातून वळून चंद्रावर पडतो. सूर्यग्रहणांच्या बाबतीत आमचे नशीब एवढे थोर नाही. 2 ऑगस्ट 2027 च्या ग्रहणात इजिप्तमधील लक्सर परिसरात सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास स्थिती राहील आणि पश्चिम भारतातून ते खंडग्रास दिसेल, पण आमच्याकडे ती जिवतीची अमावास्या आहे आणि त्या दिवसांत सूर्याचे दर्शनच दुर्मीळ असते. 20 मार्च 2034 चे खग्रास ग्रहण भारताच्या अगदी उत्तर टोकावरून जाणार आहे. त्यासाठी गाव सोडावे लागेल.

2029 ची गोष्ट वेगळी आहे. अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण 32,000 किलोमीटर अंतरावरून निघून जाणार आहे. दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह याहून दूर, सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात, एवढे सांगितले की मुलांचे डोळे विस्फारतात. 2004 मध्ये तो सापडला तेव्हा, त्या वर्षीच्या डिसेंबरात, 2029 मध्ये तो आदळण्याची शक्यता 2.7 टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढच्या निरीक्षणांनी ती पुसली गेली आणि 2021 च्या रडार वेधांनंतर किमान शंभर वर्षे तरी त्याच्यापासून धोका नाही हे स्पष्ट झाले. जगभर या घटनेची तारीख 13 एप्रिल अशी लिहिली जाते. भारतीय वेळेने तो सर्वांत जवळ येईल तेव्हा 14 एप्रिलच्या पहाटेचे तीन वाजून सोळा मिनिटे झालेली असतील. हे मी शेजारच्या वावरातल्या माझ्या मित्राला सांगितले तेव्हा तो हातातले काम न थांबवता म्हणाला, “मंग त जयंतीच हाय न सर. त्या राती आमचं सारं गाव जागंच राह्यते.”

त्या एका वाक्याने ती तारीख आमची झाली. विदर्भात ज्यांनी 13 एप्रिलची रात्र पाहिली आहे त्यांना त्याचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही. निळ्या पताका, पुतळ्याभोवती ओळीने लावलेल्या मेणबत्त्या, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, बाराच्या ठोक्याला होणारी आतषबाजी आणि मग पहाटेपर्यंत चालणारी भीमगीते. जगातल्या वेधशाळा ज्या रात्री सज्ज असतील त्या रात्री लाखो माणसे इथे अगोदरच घराबाहेर, उघड्या आकाशाखाली असणार आहेत. सर्वांत जवळ येण्याच्या नेमक्या क्षणी अपोफिस अटलांटिक महासागरावर, म्हणजे आमच्या क्षितिजाखाली असेल. त्याआधी, मध्यरात्रीच्या आगेमागे, तो हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे सरकत असताना आमच्या नैऋत्येच्या आणि पश्चिमेच्या आकाशात असेल. ज्या प्रदेशांतून तो सर्वाधिक तेजस्वी दिसेल तिथेही त्याचे तेज साधारण अत्री या ताऱ्याएवढेच असणार आहे. अत्री म्हणजे बाजेच्या चार खुरांपैकी सर्वांत मंद, चोरांच्या बाजूचा. आमच्याकडून तो त्याहूनही अंधूक असेल, आणि म्हणून गावातल्या रोषणाईपासून बाजूला, धुऱ्यावर जावे लागेल. त्या रात्री अमावास्या आहे, एवढी मदत चंद्राने केली आहे. शास्त्रज्ञांना कुतूहल आहे ते पृथ्वीच्या ओढीने त्या दगडाचे काय होते याचे: त्याचे स्वतःभोवती फिरणे बदलेल का, त्याच्या अंगावरची माती आणि दगड घसरतील का. बेन्नू लघुग्रहाची माती 2023 मध्ये पृथ्वीवर पाठवून दिलेले अमेरिकेचे यान आता त्याच्याच दिशेने निघालेले आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे राहते ते चित्र साधे आहे. मिरवणूक संपवून दहा-पंधरा माणसे वावराकडे चालत निघाली आहेत, कोणाच्या तरी खांद्यावर पेंगलेले पोर आहे आणि पश्चिमेकडे ताऱ्यांमधून एक मंद ठिपका नजरेला कळेल अशा गतीने सरकतो आहे.

ज्या दगडाची तारीख आणि वेळ वीस-पंचवीस वर्षे आधी मिनिटापर्यंत सांगता येते, त्याच्या शेजारी लोणारला आलेला दगड ठेवून पाहावा असे मला वाटते. तो अपोफिसपेक्षा पुष्कळ लहान असणार, आणि तरीही त्याने काळ्या बेसाल्टात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा केला. तो कधी आला याचा जुना अंदाज सुमारे 50,000 वर्षांचा होता. आर्गॉन पद्धतीने केलेल्या नंतरच्या कालमापनाने तो जवळजवळ 5,70,000 वर्षांवर नेला. भूतकाळाची तारीख एवढी हलते आणि भविष्यातली पक्की असते, ही गोष्ट विवराच्या काठावर उभे राहिले की फार खरी वाटते. खाली उतरताना सागाची वाळलेली पाने पायाखाली वाजतात, मंदिरांच्या दगडांवर शेवाळ असते, पाण्याजवळ गेल्यावर त्या खाऱ्या पाण्याचा उग्र वास नाकात भरतो. तिथे शाळेची सहल नेली की मुले हमखास विचारतात, पुन्हा असे होईल का. 2 एप्रिल 2022 नंतर त्यांचा हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. त्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पेटत्या ठिपक्यांची रांग आकाशातून गेलेली सबंध विदर्भाने पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. ते चीनच्या रॉकेटचे अवशेष असावेत असे नंतर सांगण्यात आले. आमच्या गावात त्या रात्री काही बायांनी देवघरात दिवा लावला आणि काही पोरांनी मोबाइलवर चित्रीकरण केले. मला दोन्ही योग्य वाटले.

तारीख नसलेल्या गोष्टींना तारीख देण्याचे काम आता चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळा करणार आहे. तिची पहिली चित्रे जून 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. 8.4 मीटरचा आरसा आणि 3,200 मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन दर काही रात्रींत दक्षिणेकडचे सगळे आकाश पुन्हा पुन्हा टिपायचे, असे दहा वर्षे करायचे, आणि काल होते ते आज कुठे हलले, काय नवे उजळले, याची नोंद ठेवायची असे तिचे काम आहे. जागल करणाऱ्याला हे काम लगेच कळते.

काही गोष्टींना मात्र कोणतीच वेधशाळा तारीख देऊ शकलेली नाही, आणि मला त्यांचीच ओढ अधिक आहे. उत्तर मुकुट हा छोटा तारकासमूह भूतप आणि शौरी यांच्या मध्ये आहे: सात ताऱ्यांची अर्धवट वाटी. मे महिन्यात, जेव्हा आमच्या घरांच्या भिंती रात्री बारा वाजताही गरम असतात, कूलरमधले पाणी संपलेले असते आणि वीज गेल्यामुळे सगळी गल्ली गच्चीवर किंवा अंगणात बाजा टाकून पडलेली असते, तेव्हा हा मुकुट जवळजवळ डोक्यावर असतो. मान वळवावीही लागत नाही. त्याच्या कडेला एक तारा आहे जो एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही. खरे तर ती जोडी आहे. एक मेलेला, आकसलेला श्वेत बटू आपल्या शेजारच्या लाल राक्षसी ताऱ्यातला हायड्रोजन ओढून अंगावर साठवत राहतो आणि थर पुरेसा जड झाला की त्याचा भडका उडतो. 1866 मध्ये तो उडाला, 1946 मध्ये उडाला. पुढचा भडका 2024 च्या आसपास होईल असे अंदाज निघाले आणि तसे झाले तर काही रात्री तो तारा ध्रुवताऱ्याएवढा तेजस्वी दिसेल असे सांगितले गेले. त्या उन्हाळ्यात मी रोज झोपण्यापूर्वी मुकुटातले तारे मोजले. पुढच्याही उन्हाळ्यात मोजले. दोन्ही वर्षी ते सातच राहिले. तो तारा सुमारे 3,000 प्रकाशवर्षे दूर आहे, त्यामुळे ज्या भडक्याची आपण वाट पाहतो तो तिथे कधीचाच होऊन गेलेला आहे, त्याचा प्रकाश वाटेत आहे. हे माहीत असूनही वाट पाहण्यात काही फरक पडत नाही.

या ताऱ्याशी एका माणसाचे नाव जोडलेले आहे आणि ते मला आमच्यातलेच वाटते. लेस्ली पेल्टियर हे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेल्फॉस गावचे, शेतावर वाढलेले. त्यांनी पहिली दुर्बीण घेतली ती स्ट्रॉबेरी तोडून मिळवलेल्या पैशांतून. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या या माणसाने ताऱ्यांच्या बदलत्या तेजाच्या नोंदी आयुष्यभर केल्या, आणि उत्तर मुकुटातल्या या ताऱ्यावर त्यांची नजर पंचवीस वर्षे होती. फेब्रुवारी 1946 मधल्या एका पहाटे ते वेधासाठी उठले, सर्दीची कणकण वाटली म्हणून परत अंथरुणात शिरले, आणि नेमक्या त्या रात्री तारा भडकला. हे वाचल्यापासून मी अनेकदा आमच्या वावरातल्या फेब्रुवारी 1946 चा विचार केला आहे. माझे आजोबा तेव्हा तरुण होते, दुसऱ्याच्या शेतात सालदार होते आणि त्या दिवसांत जागल त्यांनाच करावी लागत असणार. फेब्रुवारीत मुकुट मध्यरात्रीनंतर ईशान्येकडून वर येतो, म्हणजे डोळ्यांवरची झोप सर्वांत जड असते तेव्हा. त्यांनी तो जादा तारा पाहिला असेल का? त्यांना मुकुट हे नाव ठाऊक नव्हते, पण कोणत्या कोपऱ्यात किती तारे आहेत हे त्यांना नक्की ठाऊक होते. पाहिला असेल तर घरी येऊन आजीला सांगितले असेल, आणि भाकरी खाऊन ते झोपले असतील. त्यांच्या पिढीतल्या कोणाचेही लिहिलेले एक अक्षर आमच्या घरात नाही. जगात त्या रात्रीच्या ज्या नोंदी आहेत त्यांत वऱ्हाडातल्या एकाही धुऱ्याची नोंद नाही, याचे मला खरोखर दुःख होते, आणि मुलांनी तारीख, वेळ, दिशा लिहून ठेवावी असा जो आग्रह मी वर्गात धरतो त्याचे मूळ या दुःखात आहे.

आता औंढ्याकडे वळतो, कारण फळ्यावरच्या सगळ्या नोंदींत आमच्या सर्वांत जवळची नोंद तीच आहे. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणारा तरंग, पकडली. आइन्स्टाइन यांनी 1916 मध्ये वर्तवलेली ही गोष्ट सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, आणि ती लहर सुमारे 130 कोटी वर्षे प्रवास करून आली होती. आमची काळी माती ज्या लाव्हारसापासून झाली तो वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे इथे तो खडक तयार झाला तेव्हा ती लहर आपल्या वाटेचा बहुतेक भाग चालून आलेली होती. लायगोची तिसरी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले, आणि 2030 च्या सुमारास ती सुरू व्हावी अशी अपेक्षा आहे. काटकोनात जोडलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, टोकांना आरसे, त्यांमधून जाऊन येणारा लेसर. लहर गेली की त्या आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाएवढे बदलते, आणि तेवढेच मोजायचे असते. अमेरिका, इटली आणि जपान यांच्यापासून इतक्या दूर आणखी एक वेधशाळा झाली की लहर कोणत्या ठिकाणी आधी पोचली आणि कोणत्या ठिकाणी नंतर, यावरून ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे आजच्यापेक्षा कितीतरी नेमके सांगता येईल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील.

अशा मोजमापाला लागते ती शांतता. दूरवर समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात तेही या यंत्रांना जाणवते. रेल्वे जाणवते, झाडे तोडलेली जाणवतात. हॅनफर्डला एकदा नोंदींत खडखड दिसू लागली. शोध घेतला तेव्हा कळले की डोमकावळ्यांसारखे मोठे कावळे तहान भागवायला नळीवर जमलेला बर्फ चोचीने टोचत होते. म्हणून जागा शोधताना समुद्रापासून दूर, मोठ्या कारखान्यांपासून आणि वर्दळीपासून दूर, सपाट आणि न थरथरणारी जमीन पाहावी लागते. ती इथे सापडली. मला याचा अभिमान आहे आणि त्या अभिमानात एक सल आहे. आमच्या आणि हिंगोलीच्या पट्ट्यातली ही शांतता कोणी जपून ठेवलेली नव्हती. कारखाने आले नाहीत, पोरे पुण्याला आणि सुरतेला निघून गेली, सोयाबीनचे भाव पडले की बाजाराचा दिवसही मुका जातो. या सगळ्याची बेरीज म्हणजे ती शांतता. विश्वातली सर्वांत हळू थरथर ऐकायला जगाला नेमके हेच हवे आहे, हे समजल्यावर काय वाटावे ते मला अजून ठरवता आलेले नाही. एवढे मात्र मनापासून वाटते की त्या नळ्यांच्या आतल्या आरशांची देखभाल करणाऱ्यांत, रात्रपाळीला पडद्यासमोर बसणाऱ्यांत या दोन जिल्ह्यांतली मुले-मुली असली पाहिजेत, आणि त्यासाठीची तयारी आमच्यासारख्या शाळांना आजच करावी लागेल. निर्वात पंप, शीतकरण, वेल्डिंग, संगणक यांना तिथे जे महत्त्व आहे ते आयटीआयच्या मुलाला समजावून सांगितले तर विश्व त्याला परके वाटत नाही.

जपानमधल्या खाणीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे सरळ मिळत नाही. कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातले न दिसणारे द्रव्य, कशाचे बनलेले आहे, प्रोटॉन कधी विघटित होतो का, हे शोधणारे लोक दिसण्याच्या जगातूनच बाहेर पडून जमिनीखाली जातात, कारण वरून सतत पडणाऱ्या विश्वकिरणांपासून दगडाचा थर आडोसा देतो. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत अशी कामे झाली. 1965 मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, जगातल्या पहिल्या नोंदींपैकी काही तिथल्या आहेत. जपानमध्ये कामिओकाच्या खाणीत पाण्याची मोठी टाकी बांधली ती प्रोटॉनचे विघटन टिपण्यासाठी. ते आजवर कोणालाही सापडलेले नाही. पण 23 फेब्रुवारी 1987 रोजी दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या ताऱ्याच्या स्फोटातले मोजके न्यूट्रिनो त्याच टाकीत टिपले गेले. त्याच देशात आता त्याहून कितीतरी मोठी टाकी तयार होते आहे. ज्याची वाट पाहायला बसलो ते आले नाही आणि दुसरेच काही आले, तरी बसणे वाया गेले नाही. जागलीला गेलेला कोणीही हे सांगू शकेल. त्या मुलीला मी लिहिले आहे की हे आपल्या गावातून दिसणार नाही आणि दुसऱ्या कोणत्याही गावातूनही दिसणार नाही; ते मोजावे लागते, आणि मोजायला गणित लागते.

उरतो तो अंधाराचा प्रश्न. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या मारुतीच्या पारापाशी हायमास्ट दिवा लागला. त्याचा मला आनंद झाला, कारण त्याच कोपऱ्यावर संध्याकाळी सापाच्या भीतीने बाया काठी आपटत जात असत. पण त्याचा पांढरा प्रकाश चारही बाजूंना आणि वरही फेकला जातो. पाराजवळच्या गच्च्यांवरून मुकुटातले चारच तारे दिसतात, आणि उत्तरेला क्षितिजापाशी समृद्धी महामार्गाच्या बाजूने एक फिकट उजेड आता कायमचा असतो. नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली तेव्हा तिथल्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. गावे अंधारात ढकलली गेली नाहीत. रस्ता पूर्वीइतकाच उजळ राहिला आणि आकाश परत मिळाले. वाघाच्या जंगलाशेजारी जे करता येते ते तुरीच्या वावराशेजारी न करण्याला मला कारण सापडत नाही.

ग्रामसभेसाठी मी एक अर्ज लिहिला. त्यात दोन मागण्या केल्या: गावातल्या दिव्यांना वरून पत्र्याची टोपी बसवून हायमास्टच्या दिव्यांची तोंडे खाली करावीत, आणि 31 डिसेंबर 2028 रोजी रात्री साडेआठपासून ग्रहण सुटेपर्यंत शाळेच्या मैदानाकडचे दिवे बंद ठेवावेत. पहिल्या मागणीचा खर्च वायरमनकडून विचारून घेऊन सोबत जोडला. पत्रा, खिळे आणि मजुरी धरून तो एका मंडपाच्या भाड्यापेक्षा कमी निघाला. सरपंचताईंनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, दुसऱ्या मागणीवर बोट ठेवले आणि विचारले, “सर, गिऱ्हानाच्या राती बायाही येतीन काय मैदानात?” येतील, आणि पोटुशी बाईलाही यायला काही हरकत नाही, मी स्वतः दोन दिवस आधी घरोघरी जाऊन ते सांगेन, असे मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “मंग सतरंज्या न प्याच्या पान्याचंही लिहा. ते पंचायत देईन.” तिसरी मागणी मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने लिहिली.